ग्लिंकोला निघण्यापूर्वी: फेडरल एजंटच्या मूलभूत प्रशिक्षणाची तयारी

अमेरिकेत एफबीआय आणि डीईए (अमली पदार्थविरोधी यंत्रणा) यांच्या नव्या एजंटांना व्हर्जिनियातील क्वांटिको येथे पाठवले जाते. सीक्रेट सर्व्हिस, मार्शल सेवा, करखात्याचा गुन्हे विभाग अशा इतर अनेक यंत्रणांचे भरती झालेले उमेदवार मात्र जॉर्जियातील ग्लिंको येथे जातात. तेथील नौदलाच्या जुन्या हवाई तळावर फेडरल लॉ एन्फोर्समेंट ट्रेनिंग सेंटर १९७५ पासून चालू आहे. गुन्हे तपासाचा पायाभूत अभ्यासक्रम सुमारे बारा आठवड्यांचा असून त्यानंतर प्रत्येक यंत्रणा स्वतःचे वेगळे प्रशिक्षण देते.

शारीरिक तयारी किमान तीन महिने आधी सुरू करावी. दीड मैल, म्हणजे सुमारे २.४ किलोमीटर, धावण्याचा सराव उन्हातही करावा, कारण किनाऱ्याजवळच्या ग्लिंकोतील उन्हाळा आपल्या कोकणातल्या मे महिन्याची आठवण करून देईल इतका दमट असतो. शारीरिक चाचणीत बेंच प्रेसमध्ये, म्हणजे बाकावर पाठीवर झोपून छातीवरून, उचललेले वजन स्वतःच्या वजनाच्या तुलनेत मोजले जाते, हेही लक्षात ठेवावे. पिस्तूल कधीच हाती धरले नसेल तर घाबरू नये. चुकीची पकड मोडण्यापेक्षा कोरी पाटी बरी.

खरी मेहनत कायद्यावर घ्यावी, आणि नेमके तेच बहुतेक जण राहू देतात. अमेरिकेच्या राज्यघटनेची चौथी दुरुस्ती, म्हणजे अवाजवी झडती आणि जप्तीपासून संरक्षण देणारी तरतूद, आधी नीट वाचावी. मग ‘टेरी विरुद्ध ओहायो’ (१९६८), ‘मिरांडा विरुद्ध ॲरिझोना’ (१९६६) आणि पोलिसांच्या बळाच्या वापराविषयीचा ‘ग्रॅहम विरुद्ध कॉनर’ (१९८९) हे निकाल घ्यावेत. प्रत्येक निकालातील घटना, न्यायालयापुढचा प्रश्न आणि ठरलेला नियम स्वतःच्या शब्दांत लिहावा, आणि त्यानंतर एक तपशील बदलून उत्तर बदलते का ते पाहावे. उदाहरणार्थ, ‘टेरी’नुसार वाजवी संशयावर एखाद्याला थोडा वेळ थांबवता येते, परंतु त्याची वरवर झडती घेण्यासाठी तो सशस्त्र आणि धोकादायक असल्याचा वेगळा वाजवी संशय लागतो. मिरांडाची सूचना, म्हणजे गप्प राहण्याचा आणि वकील मिळण्याचा हक्क सांगणे, हीही केवळ अटक केली म्हणून द्यावी लागत नाही. माणूस ताब्यात असून त्याची चौकशी करायची असेल तेव्हाच ती आवश्यक ठरते.

अहवाललेखनाचा सराव घरीच करता येतो. एखाद्या चौकात पंधरा मिनिटे उभे राहून जे दिसले तेवढेच वेळेच्या क्रमाने लिहावे, आणि ‘तो घाबरलेला होता’ असा निष्कर्ष लिहिण्याऐवजी त्याचे हात थरथरत होते, तो तीनदा मागे वळून पाहत होता, असे नोंदवावे. ग्लिंकोत प्रशिक्षणार्थी एकाच बनावट प्रकरणाचा माग काढत पाळत, मुलाखती, वॉरंट आणि अटक असे टप्पे पार करतात, आणि शेवटी त्यांना सराव न्यायालयात साक्ष द्यावी लागते. तेथे बचावाचा वकील उलटतपासणीत समोर धरतो तो कागद, काही आठवड्यांपूर्वी त्यांनीच घाईत लिहिलेला अहवाल असतो.