डॉगरीजची काडी उलटी लागू नये म्हणून

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागात द्राक्षवेलीच्या खुंटासाठी (ज्यावर हवी ती जात कलम करतात) डॉगरीज या वेलीची रोपं करताना उलटी रोवलेली काडी बहुधा वाया जाते. काडीच्या प्रत्येक पेशीत शेंडा-बुडखा ठरलेला असतो, तो पिशवीत उलटा होत नाही. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हेर्मान व्होख्टिंग यांनी १८७८ मध्येच हे मांडलं होतं: विलो झाडाची फांदी उलटी टांगली तरी मुळं तिच्या मूळच्या बुडख्याकडेच जोमानं येतात.

यामागे ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक आहे. पेशीभित्तीत सामू (पीएच) साधारण ५.५ असतो, तिथून ऑक्सिन पेशीत सहज शिरतं. आत सामू ७ च्या आसपास, तिथे ते भारित होऊन अडकतं. बाहेर पडायला मुख्यतः पिन (PIN) नावाच्या वाहक प्रथिनांची वाट, आणि ऑक्सिन वाहणाऱ्या पेशींत ही प्रथिनं बुडख्याकडच्या पटलावर असतात. पेशी त्यांना सतत आत ओढते आणि पुन्हा त्याच बाजूला बसवते, म्हणून दिशा टिकते. ऑक्सिनचा वेग तासाला साधारण १ सेंमी. काप घेतला की ते बुडख्याशी साठतं आणि तिथेच मुळं फुटतात.

म्हणून काप घेतानाच खूण करा. पेन्सिलीएवढी जाड, पक्व, ३-४ डोळ्यांची काडी घ्या. बुडख्याचा काप डोळ्याच्या लगेच खाली, सरळ. शेंड्याचा वरच्या डोळ्यापासून २ सेंमी वर, तिरका. जुडी बांधताना सगळे बुडखे एकाच बाजूला ठेवा. खूण राहिली असेल तर पेरावर पाहा: पानाच्या देठाचा वण डोळ्याच्या खाली असतो.

मुळं फुटायला मदत म्हणून १ ग्रॅम आयबीए (ऑक्सिनच्याच गटातलं संजीवक) २५० मिली अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवा, मग २५० मिली पाणी हळूहळू घाला. हे २००० पीपीएम (दहा लाखात २००० भाग) झालं. आधी पाणी घातलं तर पूड विरघळत नाही. बुडख्याचा २ सेंमी भागच ५ ते १० सेकंद बुडवा. शेंडा बुडवला तर डोळा दबतो, ही चूक घाईत फार होते.

पिशवीत माती, वाळू, शेणखत सारखं घ्या. नुसत्या काळ्या मातीत पाणी साचून बुडखा काळा पडतो, कारण मुळांना हवा लागते. दोन डोळे मातीत, निदान एक वर.

पालवी फुटली म्हणजे मूळ धरलं असं समजू नका. ती काडीतल्या साठ्यावर येते आणि मूळ नसेल तर कोमेजते. खात्रीसाठी काडी ओढू नका, एखादी पिशवी फाडून पाहा.