इमॅजिका आणि रामोजी : नागपूरहून आठ दिवसांची सहल कशी आखावी

आमच्याकडे सहलीची आखणी स्वयंपाकघराच्या चौकटीपासून सुरू होते. चौकटीवर दोन्ही पोरांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. अनवाणी उभं करायचं, टाचा चौकटीला टेकवायच्या, डोक्यावर पुस्तक आडवं धरायचं आणि रेघ ओढायची. या खेपेला धाकट्याची रेघ १३८ सेंटिमीटरवर आली. मोठ्या रोलर कोस्टरवर बसायला बहुतेक ठिकाणी १४० लागतात. बस, त्या दोन सेंटिमीटरांवर आमचा पुढचा सगळा बेत ठरला.

ही अक्कल फुकट आलेली नाही. दोन वर्षांपूर्वी एका पार्कात, नाव घेत नाही, आम्ही पाऊण तास रांगेत उभे होतो. अगदी तोंडाशी पोचल्यावर उंची मोजायची पट्टी होती आणि आमचं पोरगं तिच्याखाली. घरी मी त्याला बुटांसकट मोजलं होतं. चूक सर्वस्वी माझी. सगळ्यांना ‘जरा बाजू द्या’ म्हणत उलटं बाहेर यावं लागलं. बाकावर बसलेल्या सासूबाई विचारतात, ‘‘काहून रडून राह्यलं लेकरू?’’ काय सांगणार!

तेव्हा आधी उंची मोजा, मग पार्कांच्या वेबसाइटवर एकेका राइडची अट वाचा आणि प्रत्येक मुलासाठी वेगळी यादी करा. ही यादी मुलाला घरीच वाचून दाखवा. ‘हे तुला मिळणार नाही’ हे घरच्या सोफ्यावर ऐकलं की दहा मिनिटांची कुरकुर होते. तेच रांगेत ऐकलं की दिवस जातो. तिकिटाचे दरही अशा पार्कांत सहसा वयावर नाही, उंचीवर ठरतात, म्हणजे खर्चाचा हिशेबही त्याच रेघेपासून सुरू होतो.

आता दोन ठिकाणं कोणती? आम्ही खोपोलीचं इमॅजिका हे थीम पार्क आणि हैदराबादची रामोजी फिल्म सिटी घेतली. हैदराबादला २०१६पासून वंडरला हे झुल्यांचं पार्कही आहे आणि घरात सगळे तरणे असतील तर तेही चांगलंच. पण आमच्यात सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे आहेत आणि झुल्यांवर फुली मारणारे आमचे हेही आहेत. शिवाय माझं स्पष्ट मत आहे की, एका आठवड्यात दोन कोस्टरवाली पार्कं करू नयेत. तिसऱ्या दिवशी पोटातला गोळासुद्धा ओळखीचा वाटू लागतो. एक पार्क पायांचं असावं, एक डोळ्यांचं. पायांचं आधी, कारण रविवारी असलेले पाय शुक्रवारी राहत नाहीत.

नागपूरकरांची यात आणखी एक सोय आहे. नागपूर, खोपोली, पुणे, हैदराबाद आणि परत नागपूर असा त्रिकोण होतो, आल्या वाटेने परतावं लागत नाही. समृद्धी महामार्ग जून २०२५पासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण सुरू झाल्यापासून ‘गाडी काढू आणि सुटू’ असं घरोघरी ऐकू येतं. फक्त इमॅजिका करायचं असेल तर अवश्य काढा. पण हा त्रिकोण गाडीने केला तर खोपोलीहून हैदराबाद सहाशेच्या वर किलोमीटर, तिथून घर आणखी पाचशे. गाडी चालवणाऱ्याची सुट्टी स्टिअरिंगवरच संपते. आम्ही रेल्वेनेच गेलो.

तारखा ठरवताना शाळेचं वेळापत्रक तर बघालच, पण नागपूरचं कॅलेंडरही बघा. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीला जाणाऱ्यांनी मुंबईकडच्या गाड्या भरलेल्या असतात. त्या दिवसांत सामान आणि सासूबाई घेऊन स्टेशनवर उभं राहायचं धाडस करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये खोपोलीचा पाऊस म्हणजे नागपूरच्या पावसाचा थोरला भाऊ. विजा कडाडल्या की उघड्यावरच्या राइड थांबतात. आमच्या मते डिसेंबरचा मधला पंधरवडा ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. नाताळ ते एक जानेवारी मात्र वगळा.

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. त्यामुळे ‘बघू दिवाळीनंतर’ करायला वेळ कमी. मी साठावा दिवस भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनने गोल करते आणि सकाळी आठला चहा बाजूला ठेवून बसते. आधी गाड्या, त्या पक्क्या झाल्या की खोल्या, पार्कांची तिकिटं सगळ्यात शेवटी. उलटं केलं की तिकीट सोमवारचं आणि गाडी वेटिंगवर, असं होतं.

आमचा आठवडा शनिवारी संध्याकाळी सुरू झाला. नागपूरहून विदर्भ एक्सप्रेस, रविवारी पहाटे कल्याण, तिथून टॅक्सीने खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका. रविवारी पार्कात पाय ठेवू नका. मुंबई आणि पुणे दोन्ही शहरं त्या दिवशी तिथे उतरलेली असतात. पार्काला लागूनच हॉटेल आहे, सामान तिथल्या काउंटरवर ठेवा, खोली दुपारी मिळते तोवर नाश्ता करा, मग झोपा. आमच्या यांना हे फार खटकलं. ‘‘एवढ्या लांब येऊन झोपायचं?’’ म्हणाले आणि सगळ्यात आधी तेच घोरायला लागले.

खोलीचं भाडं बघताना एक लक्षात ठेवा. साइटवर पहिल्यांदा दिसतो तो आकडा बहुतेक वेळा कर सोडून असतो. रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के जीएसटी, त्याच्या वर गेलं की १८. म्हणजे ७,४०० आणि ७,६०० यांत दिसायला दोनशेचा फरक, पण बिलात हजाराच्या वर. मी दिवसभर ऑफिसात हिशेबच बघते, तरी हे मला दुसऱ्यांदा आकडे मांडल्यावर दिसलं. न्याहारी भाड्यात धरलेली असेल तरच दोन दरांची तुलना करा. चार मोठी तोंडं (तेरा वर्षांची पोरगी मोठ्यातच धरा) आणि एक लहान, एवढ्यांची हॉटेलातली न्याहारी वेगळी घेतली तर चटका बसतो.

सोमवार थीम पार्कचा. दार उघडण्याच्या आधी पोचा आणि आत शिरल्या शिरल्या फोटो काढत बसू नका. सगळी गर्दी तिथेच अडते. तुम्ही सरळ नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरकडे चाला. नायट्रोला पायाखाली फळी नाही, पाय अधांतरी लोंबतात आणि गाडी पाच वेळा उलटी होते. चपला खाली काढून ठेवाव्या लागतात, म्हणून त्या दिवशी नाडीचे बूट नकोत. माझी मुलगी आणि मी बसलो. मी डोळे मिटून घेतले होते, हे इथे पहिल्यांदाच कबूल करते. धाकट्याला तोवर यांनी त्याच्या यादीतल्या राइडकडे नेलं, मग आम्ही अदलाबदल केली. दोघा मोठ्यांपैकी कोणाकडे कधी कोणतं मूल, हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. पार्कात ठरवायला गेलं की भांडण होतं.

अंधारातला डीप स्पेस हा दुसरा कोस्टर, तोही सकाळीच उरकून घ्या. राजासॉरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचरमध्ये भिजायला होतं, म्हणून ते दुपारच्या आधी, म्हणजे कपडे अंगावर वाळतात. ऊन चढलं की छताखालच्या गोष्टी करा. ‘आय फॉर इंडिया’मध्ये खुर्ची उचलली जाते आणि मोठ्या पडद्यावर आपण देशावरून उडत जातो. सासूबाईंना आम्ही जरा मनवून बसवलं. ‘‘मले कायले बसवता त्या झुल्यावर,’’ करत बसल्या आणि उतरल्यावर ‘‘अजून एकडाव चालंल,’’ म्हणाल्या. अलीबाबाच्या राइडमध्ये बसल्या बसल्या चोरांवर बंदुकीने नेम धरायचा असतो. तिथे त्यांचे गुण नातवापेक्षा जास्त आले, आणि ती गोष्ट आता आमच्याकडे दर सणावाराला निघते.

रांग टाळायचं महागडं एक्सप्रेस तिकीट घ्यावं का? मधल्या वारी जात असाल तर नको. शनिवार-रविवारशिवाय इलाज नसेल तर घ्या आणि कटकट करू नका. बाहेरचं खाणं आत चालत नाही, तेव्हा चिवडा आणि संत्री खोलीवरच ठेवायची. दुपारी तीनच्या सुमाराला ज्येष्ठांना तासभर खोलीवर नेऊन आणा. हॉटेल शेजारी असण्याचा खरा फायदा हाच. संध्याकाळची मिरवणूक त्यामुळे सगळ्यांना ताज्या डोळ्यांनी बघता येते.

मंगळवार वॉटर पार्क, तोही अर्धाच दिवस. आठवड्याच्या मधल्या वारी ते चालू आहे ना, हे तारीख घेण्याआधी बघा. सुती कपडे, साडी, ओढणी पाण्यात चालत नाही, नायलॉनचेच लागतात. हे कपडे नागपूरच्या बर्डीच्या बाजारातून आधीच घेऊन ठेवा. तिथे भाड्याने मिळतात, पण दुसऱ्याने घातलेले ओले कपडे मला नाही आवडत. चष्म्याला दोरी लावा.

बुधवारी सावकाश निघून पुणे गाठायचं. इथे आम्ही मुद्दाम काहीच ठेवलं नव्हतं. मावसबहिणीकडे जेवलो, तिच्या मशीनमध्ये कपड्यांचा ढीग धुतला, पोरं टीव्हीसमोर पसरली. ओळखीचं घर नसेल तर अर्ध्या दिवसाची खोली घ्या, पण दोन मुक्कामांच्या मध्ये हा रिकामा दिवस हवाच.

रात्री हैदराबादला जाणारी हुसेनसागर एक्सप्रेस. ती मुंबईहून रात्री निघते आणि पुण्याला येईस्तोवर मध्यरात्र उलटलेली असते. बुधवारी रात्री जेवून आपण स्टेशनवर जातो खरं, पण पुण्याहून चढायचं तर तारीख गुरुवारची लागते. मी तिकीट काढताना आधी बुधवारच टाकला होता. पैसे भरायच्या आधीच्या पानावर सुटायची वेळ वाचली म्हणून वाचलो, नाहीतर आमची गाडी आम्ही पोचण्याच्या आदल्या रात्रीच निघून गेली असती. बारानंतरची कोणतीही गाडी असो, तारीख आणि वेळ मोठ्याने वाचून दुसऱ्याकडून तपासून घ्या.

गुरुवारी दुपारी हैदराबाद, म्हणजे नामपल्ली स्टेशन. तिथून रामोजी फिल्म सिटी विजयवाडा रस्त्यावर तीसेक किलोमीटर, शहराच्या बाहेर. ही १९९६ साली सुरू झाली, पसारा १,६६६ एकरांचा आणि जगातलं सगळ्यात मोठं फिल्म स्टुडिओ संकुल म्हणून तिची गिनेसमध्ये नोंद आहे. शहरात राहून रोज ये-जा करणारे लोक भेटले, सगळे घामाघूम. आतच राहा. आत सितारा हे भारी हॉटेल आहे आणि तारा त्यापेक्षा खिशाला सोपं. आम्ही तारा घेतलं, खोलीत तसंही झोपायलाच जायचं असतं. खोली, न्याहारी आणि फिल्म सिटीचं तिकीट एकत्र असलेली पॅकेजेस मिळतात, ती सुटी घेण्यापेक्षा बरी पडतात का, ते कागदावर मांडून बघा.

शुक्रवारी सकाळी आधी कार्यक्रमांच्या वेळा लिहून घ्या. वाइल्ड वेस्ट स्टंट शो आणि स्टेजवरचे कार्यक्रम ठरावीक वेळीच होतात. ते आधी पक्के करा आणि मधल्या फटीत बसची फेरी बसवा. उलट करणारे अर्धे कार्यक्रम हुकवतात. बस लाल, उघडी, सोबत गाईड. विमानतळ, रेल्वे स्टेशन, परदेशी रस्ते, सगळं खोटं आणि सगळं ओळखीचं. एका देवळापाशी गाईडने सांगितलं की इथे मूर्ती कायमची नाही, सिनेमात ज्या देवाचं काम असेल तो आणून बसवतात. तोवर सासूबाईंनी चपला काढून हात जोडले होते. रिकाम्या गाभाऱ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘असू दे, कोणी तरी येऊन जाऊन असनच ना इथं.’’

बाहुबलीच्या सेटवर फोटोंसाठी बराच वेळ जातो, तो धरून चाला. टोपी आणि छत्री लागते. नागपूरच्या माणसाला हैदराबादचं ऊन किरकोळ वाटतं, पण दिवसभर डोक्यावर घेतलं की तेही लागतंच. शनिवारी पक्षी आणि फुलपाखरांची उद्यानं, बोन्साय बाग एवढंच करा. पोरांना दम उरला असेल तर तिथेच साहस नावाचा वेगळा विभाग आहे, त्याच्या पॅकेजची चौकशी करा. आमच्या पोरांना उरला नव्हता.

परतीला रविवारी सिकंदराबादहून नागपूरची वंदे भारत, दुपारी एकची. मंगळवारी ती धावत नाही. रामोजीहून सिकंदराबाद स्टेशनला सकाळी साडेनऊलाच निघा, शहरातून आडवं जावं लागतं. बल्लारशा, चंद्रपूर, सेवाग्राम करत रात्री आठ-साडेआठला नागपूर. सोमवारी ऑफिस आणि शाळा, म्हणजे रजा फक्त पाच.

जाताना डब्यात दशम्या, लसणाची चटणी आणि पुडाची वडी घ्या. वडी पहिल्याच रात्री गाडीत संपवायची, दुसऱ्या दिवशी चिवट होते. आणि निघण्यापूर्वी खिचडीचे तांदूळ-डाळ मोजून कुकरशेजारी डब्यात ठेवा, दूधवाल्याला रविवारी संध्याकाळपासून सुरू कर म्हणून सांगा. आम्ही डब्याचं केलं, दूधवाल्याचं विसरलो, आणि रात्री साडेनऊला हे पिशवी घेऊन दूध शोधायला खाली उतरले.