फॅक्ससाठी स्कॅन ‘हलकं’ करताय? या चुका टाळा

पुण्यात बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांचं बिलिंग करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, तिकडे फॅक्स अजून जिवंत आहे. मीही नाइट शिफ्टला हेच करायचो, आणि 2 एमबीचं जेपेग दाबून दाबून 150 केबीवर आणलं की वाटायचं आता भुर्रकन जाणार. कसलं काय! एकेक पान रेंगाळायचं, मधेच लाइन कट.

घोळ असा की फॅक्सला तुमच्या केबीशी काही देणंघेणं नाही. फाइल उघडून तिचं शुद्ध काळं-पांढरं होतं, एका ओळीत 1728 ठिपके, आणि मग सलग किती पांढरे, सलग किती काळे एवढंच मोजून पाठवलं जातं. ग्रुप 3 च्या (म्हणजे नेहमीच्या फॅक्स मशीनच्या स्टँडर्डच्या) साध्या कोडिंगमध्ये अख्खी कोरी ओळ 17 बिटांत बसते, पण एक काळा एक पांढरा असं आलं की दर दोन ठिपक्यांना 9 बिट (न दाबता दोनच लागले असते), म्हणजे कॉम्प्रेशन नसतं तर बरं! आणि जेपेग जास्त दाबलं की अक्षरांभोवती जो कचरा जमतो ना, त्याचेच असे सुटे ठिपके होतात. म्हणून स्कॅन करतानाच ब्लॅक अँड व्हाइट, 200 डीपीआय (इंचाला 200 ठिपके), टिफ ग्रुप 4 (काळ्या-पांढऱ्या पानांसाठीचा फाइल प्रकार) ठेवा. स्कॅनर ‘फोटो’ मोडवर असेल तर आधी ‘टेक्स्ट’वर आणा, फोटो मोड राखाडी रंग दाखवायला पानभर ठिपकेच पेरतो.

पिवळे-गुलाबी फॉर्म काळे पडतात म्हणून लोक ब्राइटनेस वाढवतात आणि मग निळा शिक्का गायब, तेव्हा पाठवण्याआधी शिक्का आणि सही झूम करून बघाच.

धूळ काढणारं डीस्पेकलसुद्धा जपून हां. एकदा माझ्या पानावरचा दशांश चिन्हाचा ठिपका त्यानेच खाल्ला, 12.50 चे 1250 झाले, आणि मग फोनवर जे ऐकलं ते इथे लिहिता येत नाही. आकडे बारीक असतील तर फॅक्सचा जास्त बारकाईचा फाइन मोडच, स्टँडर्डला उभ्यात इंचाला जेमतेम 98 ओळी मिळतात. स्टँडर्डमधलं पान कॉम्प्युटरवर चपटं दिसतं तेही याचमुळे, ते ताणून ‘सरळ’ करत बसू नका.

एवढं करूनही कॉल तुटतोय? मग इमेजला सोडा, लाइन बघा. इंटरनेट फोनवर जी.729 कोडेक (आवाज खूप दाबून पाठवायची पद्धत) असेल तर फॅक्स जाणारच नाही, टी.38 (इंटरनेटवरून फॅक्स पाठवायची खास पद्धत) चालू करायला सांगा, ते नसेल तर जी.711 (आवाज फारसा न दाबणारा कोडेक) आणि फॅक्सचा स्पीड 9600 (सेकंदाला बिट).