पुस्तक छापायच्या आधी ते वाचून खरं सांगणारे वाचक कसे शोधायचे

पहिला ड्राफ्ट कुणालाच देऊ नका, आधी स्वतः एकदा मोठ्याने वाचा, जे खटकेल ते दुरुस्त करा आणि मगच दुसऱ्याला द्या, कारण कुठलाही वाचक कोऱ्या मनाने एकदाच वाचतो, दुसऱ्या वेळी त्याला शेवट माहीत असतो.

आता माणसं. घरचे आणि जिवलग मित्र नकोत, ते प्रेमापोटी छानच म्हणणार. तुम्ही लिहिलंय त्या प्रकारचं आवडीने वाचणारे हवेत, रहस्यकथा असेल तर रहस्यकथांचा फडशा पाडणारे. असे लोक बुक क्लबात, लेखनाच्या वर्कशॉपमध्ये, फेसबुकवरच्या वाचकांच्या ग्रुपमध्ये भेटतात, गुडरीड्स या वाचकांच्या वेबसाइटवर तर बीटा रीडर्सचे, म्हणजे छापण्याआधी वाचून मत देणाऱ्यांचे, वेगळे ग्रुप आहेत. दुसरा लिहिणारा भेटला तर आधी तुम्ही त्याचं वाचून द्या.

विचारताना विषय, शब्दसंख्या आणि तारीख स्पष्ट सांगा, आणि सुरुवातीला फक्त पहिलं प्रकरण पाठवा, ज्याला पुढचं हवंसं वाटेल तो मागेलच. मी 8 जणांना दिलं होतं, पूर्ण केलं 5 जणांनी, त्यामुळे थोडे जास्तच धरा.

गूगल डॉक्सवर देत असाल तर फक्त कमेंटची परवानगी द्या आणि प्रत्येकाला वेगळी कॉपी, नाहीतर एकाचं वाचून दुसरा मान डोलावतो.

सगळ्यात महत्त्वाचे प्रश्न. 'कसं वाटलं?' विचारलंत तर 'मस्त' एवढंच येईल. वाचता वाचता कुठे थांबलात, कुठली पानं नुसती चाळली, कोण कोणाचं कोण हे कुठे कळेना, असं विचारा. माझ्या कादंबरीत 3 जणांनी एकाच जागी वाचणं सोडलं होतं, नायिका घर सोडते त्याच्या जरा आधी. एकाला संवाद लांबले असं वाटलं, एकीला बाप खोटा वाटला, तिसरा म्हणाला कंटाळा आला. मी संवाद कापले, बाप बदलला, तरी ते प्रकरण काही उठेना. मग लक्षात आलं की ती जाणार हे मी आधीच्याच प्रकरणात सांगून टाकलं होतं. म्हणून वाचक जागा दाखवतो तेव्हा त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवा, उपाय मात्र तुमचा तुम्ही शोधा.

उत्तरं आल्यावर वाद घालू नका, 'अहो, मला असं म्हणायचं होतं' तर अजिबात नको, आभार माना आणि 2-3 दिवस फाईल उघडू नका. आणि 2 वाचक मुद्दाम मागे ठेवा, दुरुस्त केलेलं पुस्तक वाचायला, ज्यांनी ते आधी पाहिलेलंच नाही असे.