आधी बूड बघा, मग तोंड: जुन्या मातीच्या फुलदाण्या निवडणे आणि घरात मांडणे

जुनी फुलदाणी समोर आली की नजर नक्षीवर जाते, आणि विकणाऱ्यालाही तेच हवे असते. तुम्ही ती उपडी करा. नक्षी नव्याने रंगवता येते, काठाचा टवका बुजवून वरून रंग मारता येतो. बुडावर मात्र नकला करणारा सहसा तेवढी मेहनत घेत नाही. भांडे कसे घडले, किती वापरले गेले, मातीत पुरलेले होते का, हे सगळे तिथे उमटलेले असते.

उपडी करायचीही रीत आहे. बोटांतल्या अंगठ्या काढा, मेजावर टॉवेलची घडी पसरा. एक हात बुडाखाली, दुसरा पोटावर. कान किंवा काठ धरून कधीही उचलू नका. जुनी डागडुजी बहुधा तिथेच झालेली असते आणि पूर्वीचा सरस केव्हा दगा देईल याचा नेम नसतो. सुती हातमोजे टाळा, ते झिलईवरून निसटतात. स्वच्छ, कोरडे हात पुरे.

चाकावर घडवलेले भांडे दोऱ्याने कापून काढलेले असेल, तर बुडावर शिंपल्याच्या वळ्यांसारख्या कमानी दिसतात. आतून बोट फिरवले की कुंभाराच्या बोटांच्या गोल वळ्या लागतात. भांडे आतून गुळगुळीत, सगळीकडे सारख्याच जाडीचे, आणि बाहेर उभी पुसट शीव असेल तर ते साच्यात ओतलेले आहे. नुसती शीव दिसली म्हणून मात्र नकली ठरवू नका. पेरूतल्या मोचे लोकांनी दीड हजार वर्षांपूर्वी दोन अर्ध्या साच्यांत माती दाबून भांडी केली. त्यांच्या आत जोडावर बोटांचे ठसे असतात. ओतीव भांड्यात ते नसतात.

मग झीज बघा. भांडे ज्या कडेवर टेकते ती कड झिजलेली हवी, आणि ओरखडे वाटेल त्या दिशांना, कमीजास्त खोलीचे हवेत. दहापट भिंगातून सगळे ओरखडे समांतर दिसले, किंवा जिथे जमीन कधी लागूच शकत नाही त्या खोलगट भागातही झीज दिसली, तर तो पॉलिश पेपरचा प्रताप. पुरलेल्या भांड्यावर चुन्याचा टणक थर आणि बारीक फांद्या फुटलेल्या मुळांच्या रेघा असतात. नुसती माती फासलेली असेल तर विचारून, बुडावरच, कोमट पाण्यात बुडवलेली कापसाची काडी फिरवा. खरी माती कणाकणाने सुटते. गोंदात कालवलेली माती चिकट होते किंवा पापुद्र्यासारखी निघते.

यानंतर वाजवून बघा. भांडे टॉवेलवर ठेवून बोटाच्या पेराने हलके ठोका. खणखणीत वाजले तर ठीक, बद्द वाजले तर चीर किंवा जोड असण्याची शक्यता. पण इथे बरेच जण फसतात: ६०० ते ९०० अंशांवर उघड्या भट्टीत भाजलेले सच्छिद्र भांडे धडधाकट असले तरी बद्दच वाजते. १२०० अंशांच्या वर भाजलेल्या स्टोनवेअरसारखा नाद त्यातून येणारच नाही. म्हणून एका ठोक्यावर निकाल देऊ नका. पोटावर चार-पाच ठिकाणी ठोका. एकाच जागी आवाज बदलला तर तिथे काहीतरी आहे.

ते काय आहे, हे अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चने बरेचदा कळते. भाजलेली माती निस्तेज राहते, जुने लाखेचे रोगण नारिंगी झळकते, इपॉक्सी या कृत्रिम गोंदाचे बुजवण निळसर पांढरे दिसते. काहीच झळकले नाही म्हणून भांडे अखंड आहे असे समजू नका, कारण हल्लीचे काही रंग मुद्दाम न झळकणारे असतात. साधा टॉर्च आत सोडला की बुजवलेल्या भागाची जाडीही वेगळी कळते. डागडुजी असणे हा दोष नाही. ती लपवलेली असणे हा दोष आहे.

प्राचीन म्हणून भारी वस्तू घ्यायची असेल तर थर्मोल्युमिनेसन्स चाचणी करून घ्या. १९६० च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये विकसित झालेली ही पद्धत माती शेवटची साधारण ५०० अंशांपर्यंत केव्हा तापली ते सांगते. उत्तर २०-३० टक्के इकडेतिकडे असू शकते. म्हणून दोन हजार वर्षांपूर्वीचे की कालचे, हे कळते, पण शंभर वर्षे की साठ, या वादात ती फारशी कामाची नाही. नमुना बुडातून आणि गळ्यातून, असा दोन ठिकाणचा घ्यायला सांगा. जुने बूड घेऊन वर नवे भांडे चढवायची युक्ती जुनीच आहे. आणि चाचणीआधी भांड्याचा क्ष-किरण फोटो काढू नका. त्या किरणांनी मोजणी बिघडते.

कागदपत्रांत घाई नको. युनेस्कोचा सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा करार १९७० चा. त्यामुळे उत्खननातून आलेली वस्तू त्या सालाआधी कुठे होती याचा पुरावा मागायची प्रथा पडली आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९७२ मध्ये घेतलेला युफ्रोनिओस या प्राचीन चित्रकाराचा ग्रीक क्रेटर (दारूत पाणी मिसळायचे मोठे भांडे) २००८ मध्ये इटलीला परत गेला. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर “घरातलीच जुनी वस्तू आहे” या तोंडी हमीवर घेणाऱ्याचे काय? सुरुवात करणाऱ्याने साठवणीचे रांजण, तेलाचे बुधले अशा बिननक्षीच्या कामाच्या भांड्यांपासून करावी. त्यांची नक्कल करण्यात फायदा कमी, आणि घरात ती दिसतातही जास्त चांगली.

घरी आणल्यावर

पहिले तीन आठवडे फुलदाणी फळीवर चढवू नका. काळ्या कागदावर, उन्हापासून लांब ठेवा. कागदावर पांढरी भुकटी पडली किंवा अंगावर बारीक स्फटिक फुटले तर तो खार आहे. जमिनीतून, विशेषतः समुद्राजवळच्या, आलेले क्षार मातीच्या छिद्रांत बसलेले असतात. हवा दमट झाली की ते विरघळतात (साधे मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या आसपास पाणी धरते), कोरडी झाली की पुन्हा स्फटिक होऊन फुगतात आणि पृष्ठभागाचा पोपडा ढकलून काढतात. म्हणजे मारक ओल नव्हे, ओल-सुकीचा खेळ. आर्द्रता ४० ते ५५ टक्क्यांत स्थिर राहील अशी जागा बघा. न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि एसीचा थेट झोत या जागा बाद. खार आणि बुरशी यांत गोंधळ होतो: बुरशी लोकरीसारखी असते, खाराचा कण पाण्याच्या थेंबात विरघळतो. भांडे पाण्यात बुडवून खार काढण्याचे काम जाणत्या संवर्धकाचे, म्हणजे जुन्या वस्तू दुरुस्त करून जपणाऱ्या तज्ज्ञाचे आहे. कमी भाजलेले भांडे पाण्यात अक्षरशः भुसभुशीत होऊ शकते.

धूळ मऊ केसांच्या रंगकामाच्या ब्रशने, वरून खाली झाडा. झिलई असलेल्या, चीर नसलेल्या भागावर ओलसर कापूस चालेल. कापूस पाण्याऐवजी स्वतःच्या थुंकीने ओला करणे ऐकायला कसेसेच वाटेल, पण संग्रहालयांतले संवर्धक खरोखर तसे करतात. थुंकीतली एन्झाइम चिकट मळ सोडवतात. रंग भाजल्यानंतर लावलेला असेल तर ओले काहीच नको. व्हिनेगर चुना खाते, ब्लीच नवे क्षार मागे ठेवते, आणि “चकाकी यावी” म्हणून चोळलेले तेल छिद्रांत मुरून कायमचा काळपट डाग पाडते.

मांडणी

बिनझिलईच्या तांबूस मातीला तपकिरी लाकडाची पाठ दिली की ती हरवते. चुन्याचा पांढरा, राखाडी किंवा गडद निळा पाठीमागे द्या. उंचीत ठळक फरक ठेवा: पन्नास, तीस आणि अठरा सेंटिमीटरची तीन भांडी एकमेकांशी बोलतात, तीसची तीन नुसती रांगेत उभी राहतात. दोन भांड्यांत किमान दहा सेंटिमीटर, म्हणजे तळहात सहज जाईल एवढी जागा सोडा. बहुतेक टवके एक भांडे काढताना दुसऱ्याला लागून उडतात. फळीच्या कडेपासून अंतर मोजताना बूड धरू नका, पोट धरा. पोटाचा सर्वांत फुगीर भाग कडेच्या पाच सेंटिमीटर आत हवा.

उजेड समोरून पडला तर भांडे सपाट दिसते. बाजूने, तिरका पडू द्या. बोटांच्या वळ्या उठून येतात. २७०० ते ३००० केल्विनचा, रंग खरे दाखवणारा (सीआरआय ९० च्या वर) एलईडी घ्या. भाजलेल्या मातीला प्रकाश बाधत नाही, डागडुजीला बाधतो: रोगण पिवळे पडते, आणि संवर्धक वापरतात तो पॅरालॉइड बी-७२ हा गोंद साधारण ४० अंशांना मऊ होऊ लागतो. बंद काचेमागच्या उन्हात जोड सरकतात ते यामुळेच. खिडकीच्या कट्ट्याला आणखीही एक धोका आहे. २००६ साली केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात कट्ट्यावरच्या तीन चिनी फुलदाण्या जिन्यात अडखळलेल्या एका पाहुण्याने चुरा केल्या.

बूड अरुंद आणि पोट रुंद असेल तर वजन खाली आणा. धुतलेली, पूर्ण वाळलेली नदीची वाळू प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत सोडा. समुद्राची नको, तिच्यात मीठ असते. लिटरभर वाळू दीड किलोच्या पुढे जाते, म्हणून चतुर्थांशाच्या वर भरू नका, आणि बुडाला चीर असेल तर मुळीच भरू नका. झिलईच्या बुडाखाली म्युझियम वॅक्सच्या (वस्तू जागी धरून ठेवणाऱ्या चिकट मेणाच्या) वाटाण्याएवढ्या तीन गोळ्या लावून भांडे किंचित पिळून बसवा. काढतानाही पिळूनच सोडवा. सरळ वर ओढले तर बुडाचा टवका फळीलाच राहतो. बिनझिलईच्या बुडाला मेण लावू नका, डाग पडतो. तिथे बुडाभोवती तीन खुंट्या, त्यांवर मऊ नळी, एवढे पुरते.

फळीची ताकद आधी तपासा. १८ मिलिमीटरच्या प्लायवूडला ६०-७० सेंटिमीटरवर आधार हवा. मोठी भांडी जमिनीवरच बरी: रोमन काळातली तेलाची ड्रेसेल २० जातीची ॲम्फोरा (दोन कानांचा उंच रांजण) रिकामीच सुमारे ३० किलो भरते. टोकदार बुडाच्या अशा भांड्याला तिपाई घ्या. तिपाईच्या वरच्या कड्याला जाड फेल्ट गुंडाळा. भार कड्यावर यावा, टोक नुसते टेकलेले असावे. गोल बुडाच्या भांड्याला मऊ कापडाची घट्ट वळलेली चुंबळ उत्तम.

फुले ठेवायची असतील तर पाणी थेट ओतू नका. सच्छिद्र माती पाझरते, आतले क्षार बाहेर येतात आणि खालच्या मेजावर पांढरे कडे उमटते. चहूबाजूंनी सेंटिमीटरभर लहान काचेचा पेला आत बसवा, पाणी भांड्याबाहेर काढून बदला. वाळक्या फांद्या याहून सोप्या. दिव्यासाठी बुडाला भोक पाडायचा विचारही करू नका.

नोंद आणि फूटतूट

प्रत्येक भांड्याची उंची, पोटाचा व तोंडाचा व्यास, वजन, चिरांच्या जागा आणि पावती एकत्र ठेवा. फोटो चार बाजूंचे, एक आतला, एक बुडाचा, शेजारी मोजपट्टी ठेवून. डागडुजीचा भाग भिंतीकडे फिरवलात तरी नोंदीत तो असू द्या.

फुटलेच तर झाडू मारू नका. सगळे तुकडे, कपच्या, अगदी भुकटीसुद्धा कागदावर हाताने गोळा करा. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयातल्या फ्रान्स्वा या प्राचीन ग्रीक फुलदाणीवर १९०० साली एका पहारेकऱ्याने स्टूल फेकले. ६३८ तुकडे झाले आणि तरी ती आज उभी आहे. तुकडे एकमेकांना लावून “जुळतात का” हे बघायचा मोह आवरा, कारण प्रत्येक घासणीला कडेचे कण झडतात आणि जोड रुंद होतो. झटपट चिकटणारा गोंद आणि इपॉक्सी नको, ते नीट सुटत नाहीत. पॅरालॉइड ॲसिटोनने पुन्हा सुटतो. प्रत्येक तुकडा वेगळ्या मऊ कागदात गुंडाळा, खोक्यात एकावर एक रचू नका, आणि खोक्यावर फोटोची एक प्रत डकवून ते तसेच संवर्धकाकडे न्या.