पॉडवरून बॉक्स मॉडकडे
ब्रिटनमध्ये ई-सिगारेटचं छोटं पॉड किट सोडून बॉक्स मॉड (मोठ्या बॅटरीची, जास्त ताकदीची ई-सिगारेट) आणि सब-ओम टँक (भरपूर वाफ काढणारी लिक्विडची टाकी) घेताय? आधी लिक्विड बदला. पॉडमधलं मिलीला 20 मिग्रॅचं निकोटिन सॉल्ट (घशाला सौम्य लागणारं निकोटिन) या टँकमध्ये भरलं की दोन-चार झुरक्यांत गरगरतं, मळमळतं. 3 मिग्रॅ निकोटिनचं, 70 टक्के व्हीजीचं (व्हेजिटेबल ग्लिसरीन) घ्या. नव्या कॉइलच्या (लिक्विड तापवणारी तार) कापसावर चार-पाच थेंब सोडा, टँक भरा, दहा मिनिटं थांबा. घाई केली तर कोरडा कापूस जळतो. ती करपट चव मग जात नाही, कॉइल टाकूनच द्यावी लागते. वॅटेज कॉइलवर छापलेल्या वॅट-मर्यादेतल्या खालच्या आकड्यापासून हळूहळू वाढवा. मॉडमधल्या 18650 सेलचं (रिचार्जेबल बॅटरी) वेष्टन फाटलं असेल तर तो वापरूच नका. सुटा सेल किल्ल्यांसोबत खिशात शॉर्ट होतो, प्लास्टिकची डबी घ्या. भारतात जाताना सगळं घरीच ठेवा. तिथे 2019 पासून बंदी आहे.