गाडीत राहिलेली खुर्ची: रुग्णवाहिकेवर नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

रुग्णवाहिकेवर काम करू लागल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात माझ्या कमरेत उसण भरली आणि मी तीन आठवडे घरी पडून होतो. बेळगावातील एका जुन्या गल्लीत, माडीवरच्या खोलीत, अर्धांगाचा झटका आलेले साधारण 80 किलो वजनाचे गृहस्थ होते. जिना लाकडी, उभा आणि मध्येच वळणारा होता. गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या आमच्या गाडीत जिन्यासाठीची घडीची खुर्ची, म्हणजे स्टेअर चेअर, होती, पण पाऊस कोसळत होता, घरचे लोक घाबरले होते आणि "एवढ्यासाठी परत कोण जाणार?" असे मीच म्हणालो. घरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून, त्यांना बांधायला पट्टासुद्धा नसताना, आम्ही दोघांनी त्यांना खाली आणले. त्या जिन्यावर मला काहीच झाले नाही. कमर गेली ती अर्ध्या तासाने, रुग्णालयात पोहोचल्यावर, ट्रॉलीवरून खाटेवर घेताना, पलीकडून वाकून, दोन्ही हात लांबवून चादर माझ्याकडे ओढली त्या क्षणी.

घटनांचा हा क्रम मी नवीन मुलांना मुद्दाम सांगतो. मणक्याची गादी एखाद्या अवजड उचलीने सरकते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात 12 तासांच्या पाळीत झालेले वाकणे, पिळणे आणि ओढणे साचत जाते आणि शेवटचे एखादे किरकोळ काम निमित्त ठरते. त्यामुळे साधन फक्त जाड माणसासाठी किंवा अवघड जिन्यासाठी काढायचे, हा हिशेबच चुकीचा आहे.

वजनाचा अंदाज यावा म्हणून दोन आकडे लक्षात ठेवावेत. अमेरिकेतील नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेने 1991 मध्ये सुधारलेल्या सूत्रानुसार, वस्तू अंगाशी धरलेली, पकड पक्की आणि धड सरळ, अशी सगळी परिस्थिती अनुकूल असताना एका माणसाने उचलण्याची कमाल मर्यादा 23 किलो येते. रुग्णाच्या बाबतीत त्याच सूत्रावरून 2007 मध्ये सुचवली गेलेली मर्यादा त्याहून कमी, म्हणजे सुमारे 16 किलो आहे. आमचे ते गृहस्थ दोघांत वाटले तरी माणशी 40 किलो होत होते, आणि डोक्याच्या बाजूला धडाचा भार येत असल्याने तिथल्या माणसाच्या वाट्याला त्याहून अधिकच. आमच्या भागात साखर कारखाने बरेच असल्यामुळे "आमचा भाऊ 50 किलोचे पोते एकटा टाकतो" हे वाक्य प्रत्येक तुकडीत एक तरी मुलगा बोलून दाखवतो. पोत्याला धरायला कान असतात, ते पाठीवर घेता येते आणि मध्येच घाबरून आपल्या गळ्याला मिठी मारत नाही, एवढेच उत्तर मी देतो.

याच ओघात कमरेच्या पट्ट्याविषयी. कामावर लागल्यावर पहिल्या पगारातून पट्टा घेणारे पुष्कळ आहेत. मीही घेतला होता. निरोगी माणसाने पट्टा बांधल्याने दुखापत टळते, याला पुरेसा पुरावा नसल्याचे नायॉशनेच 1994 मध्ये सांगितले. पट्ट्यामुळे आपण जास्त उचलू शकतो असा भ्रम मात्र निर्माण होतो. "गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा" हा धडाही आवश्यक आहे, परंतु तेवढ्यावर भागत नाही. खाट आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर जागा असेल, तर गुडघे वाकवायचे कोठे?

माझ्या मते सर्वांत उपयोगी साधन सर्वांत स्वस्त आहे आणि बहुतेक गाड्यांत ते खोक्याच्या तळाशी घडी मोडण्याची वाट पाहत पडलेले असते. ते म्हणजे सरकचादर, जिला सगळे स्लाइड शीट म्हणतात. नायलॉनसारख्या गुळगुळीत कापडाचे दोन थर एकमेकांवर घसरतात, त्यामुळे रुग्णाला उचलावे न लागता सरकवता येते. रुग्णाला कुशीवर वळवून चादर पाठीखाली अर्धी गुंडाळून ठेवावी, दुसऱ्या कुशीवर वळवून ती बाहेर काढावी, ट्रॉली खाटेला टेकवून तिची चाके बंद करावीत आणि जिकडे न्यायचे ती बाजू किंचित खाली ठेवावी. दोन पृष्ठभागांत फट असेल तर खाली सरकफळी टाकावी. मग हात न ताणता, एक पाय मागे ठेवून, अंगाचे वजन मागच्या पायावर घेत ओढले की तीन माणसांचे काम दोघांत होते. त्या पावसाळ्यात मला हे माहीत असते तर ते तीन आठवडे वाचले असते. चादर नसेल तर जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी दुहेरी करून नेहमीच्या चादरीखाली घालावी. सफाईदार नसले तरी घर्षण बरेच कमी होते. रुग्ण नव्या जागी पोहोचला की सरकचादर लगेच काढून घ्यावी, नाही तर ट्रॉलीच्या उतारावर तोच रुग्ण घसरू लागतो. हे मी एकदा पाहिले आहे आणि पुन्हा पाहण्याची इच्छा नाही.

जमिनीवर पडलेल्या रुग्णासाठी स्कूप स्ट्रेचर. लांबीच्या दिशेने तो दोन भागांत उघडतो. एकेक भाग दोन्ही बाजूंनी अंगाखाली सरकवायचा आणि डोक्याकडचे व पायाकडचे कुलूप लावायचे, म्हणजे रुग्णाला गडगडवावे लागत नाही. लांबी रुग्णाच्या शेजारी ठेवून आधीच जुळवून घ्यावी. उसाच्या फडात ट्रॅक्टर उलटल्यावर किंवा महामार्गाच्या कडेला याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. पण स्कूप रुग्णाखाली घालणे सोपे करतो, वजन कमी करत नाही, याचा विसर पडतो. जमिनीपासूनची उचल ही सर्वांत वाईट उचल असते, म्हणून तेथे चार माणसे हवीत. दोघांनी धाडस करू नये. खानापूरकडची तांबडी माती कुलपाच्या खाचेत बसते आणि कुलूप लागल्याचा आवाज येऊनही ते अर्धवट राहते. उचलण्यापूर्वी दोन्ही टोके हाताने खेचून पाहावीत आणि पाळी संपताना खाचा पाण्याने धुऊन कोरड्या कराव्यात.

जिन्याच्या खुर्चीबद्दल माझे मत थोडे मिश्र आहे. मागे रबरी पट्टे असलेली खुर्ची पायऱ्यांच्या कडांवरून घसरत उतरते आणि भार माणसाऐवजी जिना घेतो. सिमेंटच्या सरळ जिन्यावर ती उत्तम चालते. परंतु आमच्याकडच्या जुन्या घरांत जिना कधी कधी शिडीइतका उभा असतो आणि पायऱ्या झिजून गोल झालेल्या असतात. पट्ट्याला एका वेळी निदान दोन कडा मिळाल्या नाहीत तर तो धरत नाही. असा जिना आधी रिकाम्या हाताने एकदा चढून पाहावा. खुर्ची चालणार नसेल तर हातपट्ट्यांची वाहून नेण्याची चादर घ्यावी आणि माणसे वाढवावीत. खुर्ची वापरताना खालच्या बाजूला असलेल्यावर जास्त भार येतो, म्हणून तेथे अनुभवी आणि उंच माणूस असावा, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून पायऱ्या सांगणारा तिसरा असावा. बैठक सोसणार नाही असा रुग्ण, उदाहरणार्थ मणक्याला मार लागलेला, खुर्चीत बसवायचा नाही.

बॅटरीवर वर-खाली होणाऱ्या ट्रॉलीविषयी नवी मुले फार उत्साहाने विचारतात. मी ती प्रात्यक्षिकात वापरून पाहिली आहे. उंची बदलताना पाठीवर काही येत नाही, हे खरे; परंतु ती स्वतःच 50 किलोच्या वर भरते, त्यामुळे ओट्याच्या तीन पायऱ्या चढवायची वेळ आली की वाचवलेले सगळे परत द्यावे लागते. हाताने चढवण्याच्या साध्या ट्रॉलीत पुढची चाके गाडीच्या मजल्यावर टेकल्याशिवाय तिचे पाय दुमडू देऊ नयेत, आणि पायलटने, म्हणजे रुग्णवाहिकेच्या चालकाने, गाडी शक्यतो अशी लावावी की मागचे दार चढाच्या बाजूला येईल. मजला जमिनीपासून जितका कमी उंच राहील तितकी उचल कमी.

खानापूरच्या जंगलपट्टीत गाडी पोहोचतच नाही अशी वाडी आजही भेटते, आणि तेथून लोक रुग्णाला बांबूला वाकळ बांधून आणतात. अशा वेळी आपण गाडीपाशी थांबून वाट पाहण्यापेक्षा हातपट्ट्यांची चादर आणि पट्टे घेऊन पुढे जावे, कारण वाकळीची गाठ सुटते आणि टोकाला पकड मिळत नाही. वाहणाऱ्यांना "काका, तुम्ही पायाकडं या, मामा, तुम्ही मधे धरा" असे नेमके स्थान द्यावे, सारखी उंची असलेल्यांना समोरासमोर ठेवावे आणि शंभरेक पावलांनंतर खांदे बदलावेत. मदत करणाऱ्या शेतकऱ्याची पाठसुद्धा आपल्याच जबाबदारीत येते.

आता एक गोष्ट, जी कोणत्याही प्रशिक्षणात मला कोणी शिकवली नाही. सीमाभागात गाडीवरचा जोडीदार कन्नड बोलणारा असतो, रुग्णाचा भाऊ मराठी बोलतो, आणि मोजणी ऐकून चौघे उचलणार असतात. एकदा मी "एक, दोन, तीन" म्हणून तीनवर उचलले आणि जोडीदार तीन संपण्याची वाट पाहत राहिला. तेवढ्या क्षणात स्कूपचे डोके माझ्या एकट्याच्या हातात होते. तेव्हापासून नवीन जोडीदार आला की चहा घेण्याच्याही आधी आम्ही ठरवतो: मोजणार डोक्याकडचा माणूस, मोजणी "ओंदु, एरडु, मूरु", आणि उचल शब्दावर, म्हणजे "एत्ति" म्हटल्यावरच. मराठी बोलणाऱ्या नातेवाइकांना तेवढ्यापुरते "मी 'उचला' म्हणेन तेव्हाच" असे वेगळे सांगावे लागते. परवा एका आजोबांच्या नातवाने ते ऐकून मला विचारले, "मग 'एत्ति' कुणासाठी?" मी जोडीदाराकडे बोट दाखवले, तो हसला, आणि चौघांनी एकदमच उचलले.